व्हो येथील उद्यान आणि आमची उसनी अभिरुचि

यूरोपच्या प्रवासास निघालेला आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ पॅरिसमध्यें चार दिवस राहिला तर त्यांतील एक दिवस व्हर्सायसाठीं राखून ठेवतो, तेथील गर्दींत दमतो, आरसेमहालाचें छायाचित्र घेतो, आणि फ्रेंच बागांविषयीं जें मत तो घरून घेऊन निघालेला असतो तेंच जसेंच्या तसें परत घेऊन येतो. तें मत सामान्यतः असें असतें कीं, फ्रेंच बाग म्हणजे कंपास आणि पट्टी घेऊन काढलेली भूमितीची आकृति; तींत झाडांस कात्री लावून त्यांचे शंकु आणि गोळे केलेले असतात, पाण्यास सरळ रेषेंत चालावयास लावलेलें असतें, आणि निसर्गाचा जीव घेऊन राजाचा दिमाख वाढविलेला असतो. हें मत आमचेंही होतें. इतकेंच नव्हे, तर गेलीं पंचवीस-तीस वर्षें वर्गांत अठराव्या शतकांतील इंग्रजी काव्य शिकवितांना तें आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांस मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें आहे. पोपनें आंखीव बागांची कशी टर उडविली, ॲडिसननें कातरलेल्या झाडापेक्षां मोकळ्या फांद्यांचें झाड कसें पसंत केलें, पुढें वर्डस्वर्थ आला आणि प्रकरण कायमचें कसें निकालांत निघालें, हा पाठ आम्हांस तोंडपाठ आहे. पाठांत एकच उणीव होती. ज्या वस्तूविषयीं हा निकाल, ती वस्तु आम्हीं पाहिली नव्हती.

ती पाहण्याचा योग आला, आणि सुदैवानें व्हर्साय येथें आला नाहीं. व्हर्साय इतकें मोठें आहे कीं त्याविषयीं चांगलें अथवा वाईट कोणतेंही मत बनविण्यापूर्वींच मनुष्याचे पाय दुखूं लागतात. परंतु जी कला तेथें पुढें विस्तार पावली ती प्रथम पूर्णत्वास पोंचली ती पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर, मलं या शहराजवळच्या व्हो-ल-व्हिकोंत येथें. हा प्रासाद आणि त्याचें उद्यान हीं निकोला फूके या गृहस्थाचीं. फूके इ. स. १६५३ पासून फ्रान्सचा अर्थाधिकारी होता. जागा त्यानें १६४१ मध्येंच घेऊन ठेविली होती. परंतु आज दिसणारें काम १६५६ पासून १६६१ पर्यंतच्या पांच वर्षांत झालें. प्रासाद लुई ल व्हो या वास्तुकारानें बांधिला (त्याच्या नांवाचा आणि गांवाच्या नांवाचा उच्चार सारखाच होतो, एवढ्यावरून कोणीं नातें जोडूं नये). आंतील चित्रकाम शार्ल ल ब्रं याचें. आणि उद्यान आंद्रे ल नोत्र याचें. हे तिघे पुढें व्हर्सायला गेले. कसे गेले ती हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु येथील प्रत्येक पाहुण्यास ती दारांतच ऐकविली जात असल्यामुळें आम्हांसही ती थोडक्यांत सांगणें प्राप्त आहे.

१७ ऑगस्ट १६६१ रोजीं फूकेनें बावीस वर्षांच्या चौदाव्या लुईस येथें मेजवानी दिली. पाकशाळेची व्यवस्था व्हातेलकडे होती. बागेंत मोलिएरनें एक नवें नाटक केलें. तें पंधरा दिवसांत लिहून, बसवून उभें केल्याचें त्यानें स्वतःच प्रस्तावनेंत नमूद केलें आहे. नृत्य आणि प्रहसन यांची सांगड घालणारा त्याचा हा पहिला प्रयोग. (हाच मोलिएर हरिभाऊ आपट्यांच्या ‘मारून मुटकून वैद्यबुवा’च्या रूपानें आपल्याकडे आला, तेव्हां त्या सायंकाळशीं आपलेंही दूरचें नातें लागतें.) रात्रीं दारूकाम झालें. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत, ५ सप्टेंबरला, नांत येथें दार्तान्यां या सरदारानें फूकेस अटक केली. खटला तीन वर्षें चालला. न्यायाधीशांनीं नऊ विरुद्ध तेरा मतांनीं देशांतून हद्दपारीची शिक्षा दिली; राजानें आपला अधिकार दयेकडे न वापरतां उलट वापरला आणि ती बदलून जन्मठेप केली. पिन्यरोलच्या किल्ल्यांत फूके १६८० मध्यें मरण पावला. इकडे राजानें व्हो येथील पडदे, पुतळे, संत्र्याचीं झाडें उचलून नेलीं, आणि कारागीरही नेले.

गोष्ट मोठी रंगतदार आहे, आणि तक्रार आहे ती नेमकी तिच्या रंगतीविषयींच. पाहुणे ती ऐकतात. प्रासादाच्या दालनांतून हिंडतांना तीच. बागेंत पाऊल टाकतांनाही मनांत तीच, कीं एवढ्या वैभवानें राजाच्या पोटांत दुखलें आणि मालकाचा घात झाला. मग बाग पाहणें म्हणजे ‘राजास मत्सर वाटावा इतकी ती मोठी आहे काय’ एवढेंच तपासणें उरतें. ही मत्सराची कथा इतिहास म्हणूनही कच्चीच आहे. फूकेस दूर करण्याचा बेत मेजवानीच्या कित्येक महिने आधीं ठरला होता, असें आतां इतिहासकार मानतात. त्या उन्हाळ्यांत त्यास पॅरिसच्या न्यायसभेंतील आपलें पद विकावयास लावलें गेलें, कारण त्या पदामुळें त्याच्यावर बाहेरील न्यायमंडळापुढें खटला चालवितां येत नव्हता. म्हणजे यजमान दिवे लावीत होता तेव्हां पाहुण्याच्या खिशांत वॉरंट जवळजवळ तयार होतें. कारंजीं थोडीं कमी उडालीं असतीं तरी निकाल तोच लागला असता. तेव्हां ही कथा दाराबाहेर ठेवून बागेस बाग म्हणून पाहण्यास कोणाची हरकत नसावी. एखाद्या कवीच्या प्रेमभंगाची हकीकत ऐकून त्याची कविता न वाचतां घरीं जाणारा वाचक आपण पाहतों. व्हो येथें तसे वाचक रोज बसगाडीनें येतात.

आतां बागेकडे वळूं. प्रासादाच्या मध्यभागीं लंबवर्तुळाकार दिवाणखाना आहे. त्याच्या घुमटाच्या अंतर्भागावर ल ब्रं सूर्याचा महाल चितारणार होता. तें काम राहून गेलें. या दिवाणखान्याच्या दक्षिणेकडील दारांतून बाहेर ओट्यावर आलें कीं सर्व उद्यान एकदम समोर दिसतें, आणि पाहणाराची पहिली प्रतिक्रिया, आमची तरी, थोडी निराशेचीच असते. ‘एवढेंच ना!’ असें मन म्हणतें. मधोमध सरळ रस्ता, दोहों बाजूंस नक्षीचे ताटवे, पुढें एक वाटोळा हौद, त्यापुढें हिरवळ, मग एक चौकोनी तळें, तळ्याच्या पलीकडच्या कांठास लागूनच कमानींची एक दगडी भिंत, जींत गुहा आहेत, तिच्यामागें गवताचा चढ, आणि चढाच्या माथ्यावर हर्क्युलीसचा सोनेरी पुतळा. सर्व कांहीं दिसलें. लपलेलें कांहीं नाहीं. दहा मिनिटांत भिंतीपाशीं जाऊं आणि दहा मिनिटांत परत येऊं, असा हिशेब डोळा करून मोकळा होतो. ‘बुद्धीनें आंखलेली, म्हणून एका नजरेंत संपणारी बाग’ हा आमचा वर्गांतला सिद्धांत त्या ओट्यावर उभें असतां अक्षरशः खरा ठरत होता.

आणि मग आम्ही चालूं लागलों.

पहिली गोष्ट लक्षांत आली ती ही कीं, ओट्यावरून सपाट भासलेली जमीन सपाट नाहीं. ती हळूहळू उतरते. आणि डावीउजवीकडचे भाग, जे एकमेकांचीं प्रतिबिंबें वाटले होते, ते एका पातळीवरही नाहींत आणि एका आकाराचेही नाहींत. मध्यरेषेनें त्यांस असें तोलून धरलें आहे कीं समान नसतांही ते समान वाटावे. दुसरी गोष्ट, वाटोळ्या हौदापाशीं आलों तों आडवे जाणारे दोन पाण्याचे पट्टे पुढें आले, जे ओट्यावरून दिसलेच नव्हते. तिसरी गोष्ट जास्त चमत्कारिक. चौकोनी तळ्याकडे जसजसे जावें तसतशी ती गुहांची भिंत मागें सरकूं लागली. प्रथम आम्हांस वाटलें, वयोमानानें डोळे दगा देत असतील. परंतु सोबतच्या तरुण मंडळींसही तेंच दिसत होतें. जी भिंत तळ्याच्या कांठावर उभी होती ती कांठापासून सुटली, मग दूर झाली, आणि तळें, जें घरापासून बेताचें दिसलें होतें, तें वाढत वाढत इतकें मोठें झालें कीं त्याच्या एका बाजूनें चालून पलीकडच्या टोंकास जाण्यासच बराच वेळ लागला.

त्या टोंकाशीं जमीन संपते. अगदीं शब्दशः संपते. पायांखालीं एकदम खोल उतार, आणि तळाशीं उजवीकडून डावीकडे पसरलेला, जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा रुंद कालवा! एका लहानशा नदीस आंवरून तो केला आहे. घरापासून येथपर्यंत त्याचा मागमूसही नव्हता. गुहांची भिंत त्या कालव्याच्या पलीकडे आहे. आणि ज्या कड्यावर आपण उभे असतों त्याच्याच पोटांत, पायांच्या खालीं, धबधब्यांची एक लांबच लांब ओळ आहे. ती घरापासून दिसत नाहीं, बागेंतून चालतांना दिसत नाहीं, खालीं उतरून मागें वळून पाहिलें तरच दिसते. कालव्यावर मध्यरेषेंत पूल नाहीं. पलीकडे जावयाचें तर कालव्याच्या टोंकास वळसा घातला पाहिजे. म्हणजे सरळ रेषेची म्हणून जिची निंदा आम्हीं आयुष्यभर केली, ती बाग तुम्हांस नेमक्या मोक्याच्या ठिकाणीं सरळ रेषा सोडावयास लावते. आम्ही तेथें दगडी कठड्यावर बसलों आणि मनुष्याच्या फजितीनंतर येतें तसें हसूं आम्हांस आलें.

याची किल्ली दृष्टिशास्त्रांत आहे. दूरची वस्तु लहान दिसते, हा डोळ्याचा नियम. ल नोत्रनें तो नियम आधींच हिशेबांत धरून दूरच्या वस्तु प्रमाणाबाहेर मोठ्या केल्या. त्यामुळें चौकोनी तळें अंतर सांगत नाहीं. जवळच्या हौदाशीं जुळतें असें भासतें आणि सर्व बाग आंखूड होऊन समोर येते. जमिनीचा उतार असा साधला आहे कीं ओट्यावर उभें राहणाराची नजर तळ्याच्या कांठावरून निघते ती कालव्याची खोली ओलांडून थेट गुहांवर जाऊन पडते. मधलें सारें गळून जातें. हॅमिल्टन हेझलहर्स्ट या अमेरिकन अभ्यासकानें १९८० मधील आपल्या ग्रंथांत या रचनेचें भूमितीच्या आधारें विवरण केलें आहे. परंतु ल नोत्र स्वतः भूमितिज्ञ म्हणून वाढला नव्हता. तो राजाच्या माळ्याचा मुलगा आणि माळ्याचाच नातू. तरुणपणीं सिमों व्हुए या चित्रकाराच्या चित्रशाळेंत शिकला. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं. त्याचा विचार समजून घ्यावयाचा तर तो पायांनींच वाचला पाहिजे.

येथें आमच्या मूळ आक्षेपाचा पाया ढांसळतो. आम्ही समजत होतों कीं ही बाग चित्रासारखी, एका जागेवरून पाहण्याची आहे, आणि चित्र म्हणून ती निर्जीव आहे. वस्तुतः ती नाटकासारखी आहे. पहिल्या अंकांत पात्रांची ओळख, आणि तींत मुद्दाम दडविलेली एक गोष्ट. मध्यंतरीं बारीकसारीक शंका. मग एके ठिकाणीं सर्व समजुतींची उलथापालथ. आणि शेवटीं पलीकडच्या माथ्यावरून मागें पाहिलें असतां सर्व घटनांचा नव्यानें लागणारा अर्थ. ती काळांत उलगडते. चौदाव्या लुईनें व्हर्सायच्या बागा कोणत्या क्रमानें दाखवाव्या, कोठें थांबावें, कोठें वळावें, याची एक टिपणी स्वतः तयार केली आणि ती पुढें अनेकदां सुधारली, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु राजाचा चोखंदळपणा म्हणून आम्हीं तें सोडून दिलें होतें. आतां वाटतें, त्या मनुष्यास आपल्या माळ्याची कला आमच्यापेक्षां बरी कळली होती. क्रम चुकला तर बाग चुकली.

एक तुलना मनांत आली ती सांगून टाकतों. औरंगाबादचा बिबीचा मकबरा याच सुमारास बांधून झाला. त्याची बागही मध्यरेषेवर रचलेली आहे, तींतही पाणी सरळ रेषेंत जातें. परंतु तेथें दरवाजांत जें दिसलें तेंच शेवटपर्यंत खरें राहतें. पाणी दृष्टीस थेट कबरीकडे नेतें आणि तेथें स्थिर करतें. मृत्यूच्या सान्निध्यांत फसवणूक कशाला? उलट व्हो येथील पाणी दृष्टीस फसवितें आणि फसलेल्या मनुष्यास आनंद देतें. सरळ रेषा दोहोंकडे आहे, एवढ्यावरून दोन्ही एकाच जातीच्या मानणें म्हणजे दोन कवितांचें वृत्त एक म्हणून त्यांचा भाव एक मानण्यासारखें आहे.

आतां इंग्रजांकडे. पोपचा तो प्रसिद्ध उपहासलेख १७१३ मधला. ॲडिसनचे निबंध त्याच्या आदल्या वर्षींचे. ॲडिसन फ्रान्स पाहून आला होता. पोप इंग्लंडच्या बाहेर कधीं गेलाच नाहीं. त्याचा रोख मुख्यतः इंग्लंडांतील बागांतून झाडांचे पुतळे कातरण्याचें जें खूळ माजलें होतें त्याच्यावर होता, आणि तो रोख योग्यच होता. चूक पोपची नव्हे, आमची. त्यानें आपल्या शेजाऱ्यास मारलेला टोमणा आम्हीं दोनशें-तीनशें वर्षांनंतर, सात समुद्रांपलीकडे, एका तिसऱ्याच देशाच्या कलेवरील न्यायनिर्णय म्हणून पाठ केला आणि पुढच्या पिढीस पाठ करविला. गंमत अशी कीं, इंग्रजी ‘नैसर्गिक’ बागेचा जो कणा, म्हणजे कुंपण दिसूं नये म्हणून खणलेला छुपा खंदक, त्याचें वर्णन देझालिए दार्झांव्हील या फ्रेंच ग्रंथकाराच्या १७०९ मधील पुस्तकांत सांपडतें, आणि त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १७१२ मध्येंच झाला होता. जमिनींतील खोली डोळ्यापासून लपवून दोन दूरचे भाग जोडणें, ही युक्ति व्हो येथील कालव्यांत त्यापूर्वीं पन्नास वर्षें वाहतच होती. निसर्गाचा पक्ष घेणारांनीं आपलें मुख्य शस्त्र कृत्रिमांच्या शस्त्रागारांतून नेलें, हें आमच्या वर्गांत कधीं सांगितलें गेलें नाहीं, कारण आम्हांसच तें ठाऊक नव्हतें.

हा प्रश्न बागांपुरता असता तर आम्हीं एवढा कागद खर्चिला नसता. रासीनविषयीं आमचें मत काय? थंड. कॉर्नेय? भाषणबाज. स्थलकालाची एकता? नाटकास घातलेला लंगर. हीं मतें आमच्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांचीं आहेत, आणि तीं देखील शेक्सपिअरच्या अभिमानी टीकाकारांच्या पुस्तकांतून आलेलीं आहेत. मूळ नाटकें फ्रेंचमधून किती जणांनीं वाचलीं हें विचारूं नये. नियम पाळणारी कला म्हणजे भावना मारणारी कला, हें समीकरण आम्हीं उसनें घेतलें आणि मग घरच्या मालासही लाविलें. पंडितकवींची जी हेटाळणी आम्हीं एके काळीं केली तिच्यांतही या उसन्या मालाचा भाग किती होता, हें कोणीं तरी एकदां तपासावें. त्या कठड्यावर बसून आम्हांस मोरोपंतांची आठवण झाली, हें सांगितलें तर वाचक हंसतील. परंतु झाली खरी.

मात्र प्रशंसेच्या भरांत विवेक सुटूं नये. व्हो येथें आज जें दिसतें तें सर्व ल नोत्रचें नाहीं. फूकेच्या पाडावानंतर हें ठिकाण अनेक हातांतून गेलें आणि एकोणिसाव्या शतकांत मोडकळीस आलें. १८७५ मध्यें आल्फ्रेद सोम्ये या साखरेच्या कारखानदारानें तें लिलांवांत घेतलें आणि उरलेलें आयुष्य व पुष्कळ पैसा त्याच्या जीर्णोद्धारांत घातला. हर्क्युलीसचा पुतळा फूकेच्या बेतांत होता, परंतु उभा राहिला तो १८९१ मध्यें. प्रासादालगतचे नक्षीचे ताटवे, ज्यांचीं छायाचित्रें सर्वांत अधिक छापलीं जातात, ते आशील द्युशेन या उद्यानकारानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर, जुन्या खोदचित्रांच्या आधारें, नव्यानें रचलेले. आमच्या मतें सर्व बागेंत तोच भाग कमकुवत होता. तो बागेपेक्षां गालिच्याची आठवण अधिक देई. नाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हां पुढील लोकांनीं तींत आपली ओंवी घालूं नये अशी ताकीद दिली. द्युशेननें ओंव्या घातल्या, परंतु बऱ्याच सफाईनें घातल्या, असें फार तर म्हणतां येईल. पुढें अलीकडच्या वर्षांत त्या ताटव्यांच्या बुटक्या झुडपांस रोग व कीड लागून तीं उपटून टाकावीं लागलीं, आणि त्या जागीं कांहीं काळ ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्यांनीं नक्षीची आठवण मांडली गेली. पुष्कळांस हा विटाळ वाटला. आम्हांस तो खोट्या प्राचीनतेपेक्षां प्रामाणिक वाटतो. झुडपें मेलीं तरी उद्यान मेलें नाहीं, हेंच त्यावरून दिसतें. कारण त्याचा जीव झुडपांत नव्हता. जमिनीच्या पातळ्या, पाण्याच्या जागा, वस्तूंमधलीं अंतरें हा मूळ पाठ. तो साडेतीनशेंहून अधिक वर्षें शाबूत आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. हा पैसा कोणाचा? फूकेच्या मालमत्तेंत त्याचें स्वतःचें किती, बायकोचें किती आणि सरकारी तिजोरीचें किती, याचा झाडा तीन वर्षांच्या खटल्यांत समाधानकारक लागला नाहीं. त्याचे कैवारी म्हणतात, त्याच वर्षीं मार्च महिन्यांत मरण पावलेल्या कार्डिनल माझारँनें त्याहून मोठी माया जमविली होती आणि तिचा कारभार पाहणारा कोल्बेरच पुढें फूकेचा फिर्यादी झाला. तें खरें आहे. परंतु एका चोराच्या बाजूनें दुसऱ्या चोराचें नांव घेतल्यानें घरमालकाचा ऐवज परत येत नाहीं. घरमालक येथें फ्रान्सचा शेतकरी. युद्धांनीं आणि करांनीं तो पिचून गेला होता, त्याच वर्षांत ही जमीन खोदली गेली, नदी वळविली गेली. ज्यांनीं फावडीं चालविलीं त्यांचीं नांवें कोणत्याही फलकावर नाहींत. कालव्याच्या कांठावरून चालतांना आम्हांस एकाच वेळीं आनंद होत होता आणि तो आनंद थोडा टोंचतही होता. यांतील एकासाठीं दुसऱ्यास खोटें म्हणण्याची आमची तयारी नाहीं.

फूकेच्या आश्रितांपैकीं एकानें मात्र या जागेचें ऋण मोठ्या मनानें फेडलें. ला फोंतेन याचें तें नांव. राजाच्या रोषाची पर्वा न करतां त्यानें व्हो येथील जलदेवतांस उद्देशून विलापिका लिहिली आणि तींत धन्यासाठीं दयेची याचना केली. त्याआधीं, बांधकाम चालू असतांनाच, त्यानें या स्थळावर एक स्वप्नकाव्य हातीं घेतलें होतें. त्यांत वास्तुकला, चित्रकला, उद्यानकला आणि काव्यकला या चौघी जणी येऊन आपापलें श्रेष्ठत्व सांगतात. धन्याचा पाडाव झाला आणि काव्य अपुरें राहिलें. आम्ही मास्तर लोक अपुऱ्या वादाचा निकाल देण्यास नेहमीं उत्सुक असतों, म्हणून देतों: व्हो येथें तरी मान उद्यानकलेचा. ल व्होचा घुमट जड आहे, बाहेरून तो घराच्या डोक्यावर बसविल्यासारखा वाटतो. ल ब्रंचीं चित्रें कौशल्याचीं, पण डोळा एका छतावरून दुसऱ्या छतावर जातां जातां थकतो. आणि काव्यकलेस कवि स्वतःच निवाडा न देतां उठून गेला.

हर्क्युलीसच्या पायथ्यापाशीं पोंचलों तेव्हां ऊन कलत होतें. तेथून मागें पाहिलें तों सकाळची बाग उलट्या बाजूनें उलगडलेली. प्रासाद लहान, पण मध्यरेषेवर घट्ट. आणि जो कालवा सकाळीं आमच्यापासून लपला होता तो आतां बागेच्या आड मोकळेपणानें चमकत होता. परततांना चौकोनी तळ्याच्या अलीकडच्या कडेस एके जागीं पाणी निश्चल होतें आणि त्यांत एवढ्या दूरचा तो सगळा प्रासाद, घुमटासह, डोकें खालीं करून उतरला होता. त्या प्रतिबिंबासाठीं किती पावलें पुढें अथवा मागें उभें राहावें हें ल नोत्रनेंच ठरवून ठेविलें असावें, असा संशय आम्हांस आला.

कोणास जावयाचें असल्यास पॅरिसहून आगगाडीनें जातां येतें. बागेस निदान तीन तास द्यावे, आणि ते पायींच. घुमटाच्या माथ्यावर चढण्याची सोय आहे, पण सकाळीं चढूं नये; वरून पाहिलेल्या बागेचा नकाशा होतो, आणि नकाशा एकदां डोक्यांत बसला कीं कालव्याशीं होणारी ती भेट कायमची हुकते. चढावयाचें तर हर्क्युलीसपासून परत आल्यावर, गुडघ्यांत बळ उरलें असल्यास. आमच्या गुडघ्यांत तें उरलें नव्हतें.